शिकलेले हात किती दिवस टिकतात?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण सेवांतर्गत प्रशिक्षणाला जातो. पहिल्या दिवशी एक प्रश्नपत्रिका, शेवटच्या दिवशी पुन्हा तीच. पहिल्या दिवशी वीसपैकी नऊ गुण, शेवटच्या दिवशी सोळा. अहवालात ‘प्रशिक्षण परिणामकारक ठरले’ असे वाक्य पडते आणि आपण प्रमाणपत्र घेऊन एस.टी. धरतो. दिवाळीनंतर कधीतरी सूक्ष्मदर्शक कपाटातून बाहेर काढायची वेळ येते. तेव्हा कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर कसा पसरायचा, आधी कोणते भिंग लावायचे, हे हाताला आठवत नाही. मग आपण पुस्तकातले चित्र दाखवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. नुकसान होते, पण कोणाच्या जिवावर बेतत नाही.

आरोग्यसेविकेचे तसे नाही. जन्मल्यावर न रडलेले बाळ तिच्यासमोर असते, तेव्हा हाताशी एखादे मिनिट असते. त्या मिनिटात वही उघडता येत नाही. म्हणून तिच्या प्रशिक्षणाबद्दल एक प्रश्न विचारलाच पाहिजे: शेवटच्या दिवशी जे जमले, ते सहा महिन्यांनी जमते का? आपल्याकडची प्रशिक्षणाची व्यवस्था हा प्रश्न फारसा विचारत नाही. या लेखात त्या व्यवस्थेची तपासणी करायची आहे, आणि ती शिक्षकाच्या नजरेने.

पुस्तिका काय शिकवते

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले आणि त्यातून हजार वस्तीमागे एक ‘आशा’ गावोगाव उभी राहिली. २०११ साली नवजात बाळाच्या घरी जाऊन काळजी घेण्याचे काम तिच्याकडे आले. त्यासाठी मॉड्यूल ६ व ७ या पुस्तिका आहेत आणि त्यांचे प्रशिक्षण पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत, म्हणजे एकूण वीस दिवस चालते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे. घरी जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवशीही जायचे. बाळाचे वजन करायचे, ताप पाहायचा, श्वास मोजायचा, दूध पिताना पाहायचे. रडणे मंदावले आहे का, हातपाय गळाले आहेत का, दूध ओढणे थांबले आहे का, अंग गार पडले आहे का, छाती आत ओढली जाते का, हे पाहून बाळ दवाखान्यात पाठवायचे की नाही ते ठरवायचे.

पाठ्यपुस्तक म्हणून पाहिले तर या पुस्तिका चांगल्या आहेत. सर्वांत चांगला भाग म्हणजे कौशल्यांच्या तपासणी-याद्या. हात कसे धुवावेत, तापमापी कुठे व किती वेळ धरावी, वजनकाटा आधी शून्यावर कसा आणावा, हे पायरी-पायरीने दिले आहे. आपल्या कितीतरी विज्ञान-पुस्तकांत प्रयोगाची कृती इतकी नेमकी नसते. फेऱ्यांमध्ये अंतर ठेवणे हेही शहाणपणाचे आहे, कारण एका दमात वीस दिवस शिकवण्यापेक्षा मधे काम करून परत येणे केव्हाही बरे.

उणीव वेगळीच आहे. या याद्या प्रत्येक कौशल्याच्या पायऱ्या सांगतात, पण कोणते कौशल्य लवकर गळेल आणि कोणते टिकेल, हे सांगत नाहीत. जणू एकदा शिकलेले सगळे सारखेच टिकते. तसे ते टिकत नाही.

विसरण्याचे शास्त्र

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली विसरण्याची मोजणी प्रसिद्ध केली. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि ठरावीक काळाने ते पुन्हा पाठ करायला किती वेळ लागतो ते मोजायचे, असा प्रयोग त्याने स्वतःवरच केला. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग मंदावते, हे त्याला आढळले. त्याचा दुसरा निष्कर्ष मात्र आपण सहसा सांगत नाही: जे विसरले असे वाटते, ते पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो.

हातांच्या कामात आणखी एक भेद आहे. सायकल चालवणे वर्षानुवर्षे विसरत नाही, कारण ती सलग चालणारी क्रिया आहे आणि तोल गेला की शरीर लगेच सुधारते. पण ‘आधी हे, मग ते, मग अमुक इतक्या वेळा’ अशी क्रमाने करायची कामे लवकर विसरतात. थांबलेले हृदय चालू करण्याचे प्रशिक्षण घेतलेल्यांचे कौशल्य काही महिन्यांतच उतरू लागते, हे अनेक देशांत पुन्हापुन्हा दिसले आहे. नवजात बाळाला श्वास देणे हे असेच क्रमाचे काम आहे. बाळ पुसणे, पाठ चोळणे, मान नेमक्या कोनात ठेवणे, तोंडावर मास्क घट्ट बसवणे आणि अॅम्बू बॅग मिनिटाला ४० ते ६० वेळा दाबणे. यातली एक पायरी चुकली, मास्कच्या कडेने हवा निसटली, तर बाकीच्या पायऱ्या व्यर्थ जातात.

एक हिशेब

आता एक हिशेब मांडू. पुणे-सातारा महामार्गाच्या पूर्वेला, भोर तालुक्याच्या सखल अंगाला, भोंगवली आहे. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पुढचे आकडे मात्र तिथल्या नोंदवहीतले नाहीत. देशभरचे निकष आणि सरासरी घेऊन आपण तसल्या एका केंद्राचा अंदाज बांधणार आहोत. आकडेमोड सोपी आहे. आठवीच्या मुलांनाही देता येईल.

निकषाप्रमाणे एका केंद्राखाली सपाटीवर ३०,००० लोकवस्ती असते, डोंगराळ भागात २०,०००. महाराष्ट्राचा जन्मदर सध्या हजारी पंधराच्या आसपास आहे. म्हणजे ३०,००० वस्तीत वर्षाला सुमारे ४५० जन्म. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. ती सगळी काही जवळच्या केंद्रात होत नाहीत. मोटार-रस्ता हाताशी असला की लोक तालुक्याला किंवा पुण्याला जातात. समजा, केंद्रात वर्षाला ६० बाळंतपणे झाली. शंभरात साधारण पाच बाळांना बॅगने श्वास द्यावा लागतो असे धरले, तर वर्षाला तीन बाळे. केंद्रात पाळीपाळीने काम करणाऱ्या तीन परिचारिका असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाला एक बाळ.

नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ साली सुरू झाला. त्यात हे कौशल्य दोन दिवसांत शिकवतात. दोन दिवस शिकायचे आणि मग वर्षातून एकदा, रात्री-अपरात्री, बाळाची आई आणि नातेवाईक समोर असताना, ते अचूक करायचे! हाच हिशेब बाळंतपणानंतरच्या जोरदार रक्तस्रावाला आणि झटक्यांनाही लागू होतो. एएनएम आणि परिचारिकांना कुशल प्रसूतीचे एकवीस दिवसांचे प्रशिक्षण मिळते, पण या आपत्ती लहान केंद्रात क्वचितच येतात.

जी कौशल्ये जीव वाचवतात, तीच सर्वांत कमी वापरली जातात. परिस्थिती जसजशी सुधारते, तसतशी ती आणखी कमी वापरली जातात. बाळंतपणे मोठ्या रुग्णालयांत गेली हे चांगलेच झाले, पण त्यामुळे लहान केंद्रातला हात रिकामा राहिला. भोर तालुक्याच्या पश्चिमेला हिर्डस मावळात किंवा शेजारच्या राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातल्या डोंगरवाड्यांत पावसाळ्यात वाट अडते, त्या रात्री त्याच रिकाम्या हातावर भिस्त असते.

आठवणे, जमणे आणि करणे

इथे एक गोष्ट नीट वेगळी केली पाहिजे. ‘कौशल्य टिकले’ म्हणताना आपण तीन गोष्टी एकत्र करतो: पायऱ्या आठवणे, बाहुलीवर जमणे आणि खऱ्या बाळावर करणे. लेखी परीक्षा पहिली तपासते, प्रात्यक्षिक दुसरी. तिसरी कोणी तपासत नाही.

टांझानियातल्या हायडॉम रुग्णालयाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तिथे २०१० साली नवजात बाळाला श्वास देण्याचे एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. सात महिन्यांनंतर बाहुलीवर परीक्षा घेतली, तेव्हा कर्मचाऱ्यांचे काम आधीपेक्षा खूपच सुधारलेले दिसले. आपल्या पद्धतीने अहवाल लिहायचा तर ‘कौशल्य टिकले’. पण संशोधकांनी प्रसूतिगृहात बसून खऱ्या बाळंतपणांची निरीक्षणेही केली होती. तिथे बाळांना मिळणाऱ्या उपचारांत सुधारणा दिसली नाही. बाहुलीवर जे जमत होते, ते बाळावर होत नव्हते.

पुढे त्याच रुग्णालयाने एक दिवसाचा वर्ग पुरेसा नाही हे मानले. बाहुली प्रसूतिगृहातच ठेवली आणि तीन ते पाच मिनिटांचा सराव वारंवार करण्याची रीत पाडली. त्यानंतर पहिल्या चोवीस तासांतले बालमृत्यू हजारी अकराच्या आसपास होते ते सातच्या आसपास आले. ही ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना आहे. शेजारी दुसरे रुग्णालय ठेवून केलेली नाही. त्यामुळे सगळे श्रेय सरावालाच देता येणार नाही. तरी दिशा स्पष्ट आहे.

व्यापक चित्रही असेच आहे. कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या ३३७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या प्रशिक्षणाने डॉक्टर-परिचारिकांच्या कामातली मध्यम सुधारणा टक्केवारीच्या दहा अंकांच्या आसपास निघाली. म्हणजे शंभरातल्या ४० रुग्णांवर योग्य उपचार होत असतील, तर प्रशिक्षणानंतर ५० जणांवर होतील. नुसती छापील माहिती वाटून तर जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पोस्टर चिकटवून समाधान मानणाऱ्या आपल्या सगळ्या खात्यांनी हे वाक्य पोस्टरशेजारीच लावावे.

गडचिरोलीत काय वेगळे होते

‘खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांना हे जमणारच नाही’ असा निष्कर्ष कोणी यातून काढील, तर तो चुकीचा ठरेल, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर हजारी सुमारे २५ होता, तर तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो ६० च्या जवळ होता. या स्त्रिया जंतुसंसर्ग झालेले बाळ ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देत होत्या.

हा आकडा सगळे सांगतात. शिक्षकाने मात्र शिकवण्याचा क्रम पाहावा. १९९५-९६ या वर्षी या स्त्रियांनी प्रामुख्याने निरीक्षण आणि नोंदी केल्या. वर्षभरात ७६३ बाळे पाहिली गेली. ३९ गावांत भागले तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे वीस. जंतुसंसर्गावरचे इंजेक्शन हातात आले ते त्यानंतर. शिवाय पर्यवेक्षक डॉक्टर साधारण पंधरा दिवसांनी गावात येत, नोंदी आणि काम तपासत. जामखेडलाही डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० सालापासून जे काम उभे केले, त्यात गावोगावच्या आरोग्यसेविका दर आठवड्याला केंद्रावर येत, मुक्काम करत, आठवड्यात पाहिलेले रुग्ण सांगत आणि त्यातून शिकत. त्यांतल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या. दोन्ही ठिकाणी प्रशिक्षण हा संपणारा कार्यक्रम नव्हता, कामाचाच एक भाग होता.

सरकारने गडचिरोलीची पद्धत घेतली, पण इंजेक्शन देण्याचे काम सर्वसाधारणपणे आशांना दिले नाही. ते समजण्यासारखे आहे. पंधरवड्याची देखरेख मात्र त्याच ताकदीने आली नाही, आणि तीच पद्धतीचा कणा होती. सुमारे वीस आशांमागे एक गटप्रवर्तक नेमली आहे. तिने आशाताईबरोबर घरी जाऊन काम पाहावे अशी अपेक्षा आहे. पण तिच्याकडे अहवाल गोळा करण्याचे काम इतके असते की हात पाहण्याऐवजी कागद पाहिले जातात.

नोंदवहीतला विषम अंक

आता पुन्हा आशाताईचा हिशेब. हजार वस्तीत वर्षाला पंधरा बाळे, प्रत्येकी सहा भेटी, म्हणजे ९० भेटी. दर चार दिवसांनी एक. वजन, ताप आणि श्वास यांचा इतका सराव असेल तर ते कौशल्य विसरायला नको. गंभीर आजारी बाळ मात्र वर्षातून एखाद-दुसरे. पण निरोगी बाळ शंभर वेळा नीट पाहिलेल्या डोळ्याला आजारी बाळ वेगळे दिसते. गडचिरोलीच्या त्या निरीक्षणाच्या वर्षाचे मोल हेच होते. म्हणून खरा प्रश्न असा, की त्या ९० भेटींत श्वास मोजला जातो का? योजना सुरू झाली तेव्हा भेटींचा तक्ता पूर्ण झाल्यावर आशाला २५० रुपये ठरले. पैसा तक्त्याला मिळतो, मोजण्याला नाही. मग दिवसाचे दहा कामांचे ओझे असलेल्या बाईने ‘४८’ असा आकडा अंदाजाने लिहिला, तर दोष एकट्या तिचा कसा?

हे तपासण्याची एक सोपी युक्ती आहे आणि ती वर्गातही करता येते. नवजात बाळाचा श्वास अनियमित असतो, म्हणून तो पूर्ण एक मिनिट मोजायचा. पूर्ण मिनिट मोजले तर ४७, ५२, ३९, ४४ असे आकडे येतील. सम आणि विषम जवळजवळ सारखेच. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केले तर प्रत्येक आकडा सम येईल. अंदाजाने लिहिले तर ४०, ५० असे गोल आकडे जास्त दिसतील. नोंदवहीचा रकाना पाहा. पन्नास नोंदींत एकही विषम अंक नसेल, तर पूर्ण मिनिट मोजलेले नाही, हे बाळाला न पाहताही सांगता येते. विद्यार्थ्यांना एकमेकांचे श्वास मिनिटभर मोजायला सांगा, मग अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायला सांगा, आणि दोन्ही रकान्यांचे शेवटचे अंक तपासा. संख्याशास्त्राचा असा धडा पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

ही युक्ती कोणाला पकडण्यासाठी मात्र वापरू नये. पकडले जाण्याची भीती वाटली की लोक विषम अंकही अंदाजाने लिहू लागतात! गटप्रवर्तकेने ती ‘ताई, चला, आज बरोबर मोजू या’ असे म्हणण्यासाठी वापरावी.

मग काय करावे

टीका करणाऱ्याने पर्याय सांगावा. यासाठी नवे मॉड्यूल छापण्याची गरज नाही.

पहिली गोष्ट, परीक्षा शेवटच्या दिवशी न घेता सहा महिन्यांनी घ्यावी, आणि ती ज्याच्या त्याच्या केंद्रात. शेवटच्या दिवसाचे गुण शिकवणाऱ्याचे असतात, सहा महिन्यांनंतरचे शिकणाऱ्याचे.

दुसरी गोष्ट, दर महिन्याला आशांची बैठक आरोग्य केंद्रात होतेच, तिथली पंधरा मिनिटे हातांसाठी राखावीत. एका महिन्यात श्वास मोजणे, पुढच्या महिन्यात गार पडलेल्या बाळाला उब देणे. परिचारिकांसाठी बाहुली आणि बॅग कुलपाच्या कपाटात न ठेवता प्रसूतीच्या खोलीतच ठेवावी, पाळी बदलताना पाच मिनिटे सराव करावा. एबिंगहाउसने दाखवलेच आहे की दुसऱ्यांदा शिकायला वेळ कमी लागतो.

तिसरी गोष्ट, जिथे बाळंतपणे कमी होतात तिथल्या परिचारिकांना वर्षातून काही दिवस मोठ्या रुग्णालयाच्या प्रसूतिगृहात कामाला पाठवावे. वर्षभरात जे एकदा दिसते ते तिथे आठवड्यात अनेकदा दिसते. त्या काळात त्यांच्या जागी कोण, हा प्रश्न खरा आहे, पण तो मनुष्यबळाचा प्रश्न आहे. प्रशिक्षणाच्या अहवालाने तो झाकू नये.

यात आपला संबंध कुठे येतो? भोंगवलीची आरोग्यसेविका आणि भोंगवलीचा शिक्षक एकाच पद्धतीने शिकवले जातात: वरून खाली, थोड्या दिवसांत, प्रमाणपत्रासह. आपल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेतही परिपत्रके वाचण्यात वेळ जातो आणि प्रयोगाचे साहित्य बंदच राहते. पुढच्या परिषदेत एकाने सूक्ष्मदर्शक घेऊन जावे आणि सगळ्यांनी पाळीपाळीने काचपट्टी तयार करावी. किती जणांना जमले, ते प्रामाणिकपणे फळ्यावर लिहावे. आकडा लहान निघाला तरी लाज वाटू देऊ नये. त्या आकड्यावरूनच पुढच्या महिन्यात काय शिकायचे ते ठरेल.